घड्याळाबद्दल हरकत असल्यास

आदिलाबाद,
५ जानेवारी २०२५

चि. यामिनीस शरदमामाचा आशीर्वाद, आणि सोबत एक काम.

माझं पत्र पाहून तू घाबरशील, म्हणून आधीच लिहितो की सगळे जिवंत आहेत. फोन न करण्याचं कारण तुझी मामी. माझा फोन वाजला की दमयंती तो उचलते, स्पीकरवर टाकते आणि मग मला देते. माझं खासगी बोलणं आधी गल्लीला कळतं, मग मला. व्हॉट्सअॅपही तीच वाचते, मोठ्यानं. शिवाय तहसील कचेरीत सारी नोकरी काढलेल्या माणसाला तोंडी व्यवहार मानवत नाही. उत्तर घरी पाठवू नकोस. पाकिटावर पेन्शनर संघाचा पत्ता घातला आहे, तिथे मी रोज सकाळी पेपर वाचायला जातो.

तर बातमी अशी, की आपल्या प्रगतीची सोयरीक ठरली. मुलगा भार्गव, तुमच्या हैदराबादेतच कंपनीत आहे. वडील जीवनराव इथेच असतात, जिनिंग मिलांना मशीनचे सुटे भाग पुरवतात. माणूस दिलदार. बैठकीत सगळ्यांदेखत म्हणाले, "आमाले काई नाई पाह्यजे. पोरगी द्या अन् चहा पाजा." प्रगतीनं मला आधीच बजावलं होतं, की जे घर काही मागेल त्या घरात ती पाऊल टाकणार नाही. जीवनरावांचं ते वाक्य ऐकून आतल्या खोलीत ती हसली, असं तुझी मामी सांगते. मुलगाही तिच्या मनात भरला आहे.

निघताना जीवनरावांनी मला चपलांपाशी बाजूला घेतलं आणि एवढंच सांगितलं, की साक्षगंधात, तुमच्या भाषेत एंगेजमेंटमध्ये, मुलाच्या हातात घड्याळ घालायची आपल्यात रीतच आहे, तेव्हा ते चार लोकांत शोभेल असं असावं. कंपनीही त्यांनीच सांगितली. स्विस आहे. तिचं नाव मला उच्चारता येत नाही, म्हणून यापुढे तिला सदर कंपनी म्हणेन. तबकडी निळी हवी. हे मागणं नव्हे, रीत आहे. तरी प्रगतीला सांगितलेलं नाही, कारण रीत आणि मागणं यांतला फरक तिला कळत नाही.

नव्या घड्याळाची किंमत मी दुकानात दोनदा विचारली, दुसऱ्यांदाही तीच निघाली. वापरलेलं बरंच स्वस्त मिळतं म्हणतात. जीवनरावांनी त्यासाठी हैदराबादचं एक दुकानही सुचवलं, "माझं नाव सांगा" म्हणाले. पत्ता मागे लिहिला आहे. तू बँकेत आहेस, रोज लोकांचे दागिने पारखून गहाण ठेवून घेतेस. जाऊन पाहून ये. मूळ मालक कोण, किती हात फिरलं, सध्या ताबा कोणाचा, काही बोजा आहे का, वारसांत कोणी नाराज आहे का, हे सगळं विचार. घड्याळाला चतुःसीमा नसते हे मला ठाऊक आहे, ते कळवायची तसदी घेऊ नकोस.

साक्षगंध २३ फेब्रुवारीला, रविवारी आहे. विमलताईला इतक्यात सांगू नकोस. तुझ्या आईच्या पोटात काही राहत नाही.

तुझा मामा,
शरदचंद्र

* * *

हैदराबाद,
१४ जानेवारी

ती. मामांना नमस्कार. साष्टांग घालायला माझ्या खोलीत जागा नाही, घातला असं समजा.

पोस्टमन पाकीट घेऊन आला तेव्हा आमच्या होस्टेलच्या मुली मला कोर्टाची नोटीस आली असं समजून गोळा झाल्या. प्रगतीचं ऐकून फार आनंद झाला. रीत आणि मागणं यांतला फरक मलाही कळला नाही, पण मी लहान आहे.

दुकानात जाण्याआधी मी जरा माहिती काढली. आमच्या शाखेतल्या एकानं असंच घड्याळ इंटरनेटवरून घेतलं होतं. विकणारा मेट्रो स्टेशनच्या पार्किंगमध्ये भेटला, परदेशी जायची घाई आहे म्हणाला आणि रोख घेऊन गेला. घड्याळ उत्तम चाललं. मग एका लग्नात जेवताना कंपनीच्या नावातलं एक अक्षर सुटलं आणि काचेखाली फिरायला लागलं. त्यामुळे आता तो अनुभवी माणूस झाला आहे आणि सगळ्यांना सल्ले देतो. तो म्हणाला, पार्किंगमध्ये भेटणाऱ्याकडून घ्यायचं नाही आणि घाईत असलेल्याकडून तर मुळीच नाही. घड्याळावरचा नंबर आणि कार्डावरचा नंबर ताडून पाहायचा. कंपनीच्या स्वतःच्या सर्व्हिस सेंटरला नेऊन मागचं झाकण उघडून घ्यायचं, आणि आतलं यंत्र अस्सल आहे असं त्यांच्याकडून लेखी आणायचं. पैसे बँकेतून द्यायचे, जीएसटीचं बिल आपल्या नावावर घ्यायचं आणि परत घ्यायची अट त्यावर लिहून घ्यायची. तोंडी काही नाही. तुमची त्याच्याशी गट्टी जमेल.

दुकान वरच्या मजल्यावर आहे. बेल वाजवली की आतून बटण दाबून दार उघडतात. शेठनं इराणी चहा आणि बिस्किटं मागवली. मी आदिलाबाद म्हटलं, जीवनरावांचं नाव घेतलं, आणि कंपनी सांगायच्या आत त्यानं खण ओढून निळं घड्याळ पुढ्यात ठेवलं. "साहब का फोन आया था, आप ही के लिए रखा है." डबा आहे, कार्ड आहे, नंबर जुळतो. एकाच मालकाचं आहे म्हणाला. मालक कोण विचारलं तर त्यानं मला आणखी एक बिस्किट दिलं. गिऱ्हाइकाचं नाव सांगत नाहीत म्हणे.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. घड्याळाच्या पाठीवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. कोणी ते घातलेलंच नाही, मामा. कोरी वस्तू कोणी जुनी म्हणून विकायला आणली की आम्ही गहाणवाले जरा थांबतो.

आणि तुम्ही भार्गवची चौकशी केली का? त्याच्या कंपनीत माझ्या ओळखीच्या मुली आहेत. विचारू का? परवा प्रगतीचा फोन आला होता. संक्रांतीच्या तिळाच्या भावावरून बोलणं सुरू झालं आणि त्यातही भार्गव आला. "ताई, त्यांनी काहीच मागितलं नाही गं," असं म्हणाली तेव्हा मला खोकला आला. तिच्याशी खोटं बोलायला मला आवडत नाही.

तुमची,
यामिनी

* * *

आदिलाबाद,
२२ जानेवारी

चि. यामिनी,

तुझा अहवाल मिळाला, वाचून समाधान झालं. पाठीवरचं प्लास्टिक ही चांगली गोष्ट आहे. ज्या मालमत्तेचा कोणी भोगवटा केला नाही तिच्यात भांडण कमी असतं.

मुलाच्या चौकशीचं तू लिहिलंस. त्याची गरज नाही. जीवनरावांना अर्धा जिल्हा ओळखतो. ओळखीच्या माणसाची चौकशी करणं म्हणजे त्याचा अपमान. घड्याळाचा अपमान होत नाही, म्हणून आपण त्याची चौकशी करायची.

मालकाचं नाव कळत नाही, हे मात्र मला मान्य नाही. माझ्या नोकरीत विकणाऱ्याचं नाव कळल्याशिवाय मी गाईचा गोठासुद्धा कोणाच्या नावावर चढू दिला नाही. शेठ बोलत नसेल तर रस्ता ठरलेला आहे. जमीन घेताना आपण काय करतो? पेपरात हरकतीची नोटीस देतो. तशी दिली आहे. मसुदा खाली देतो, तुझ्या माहितीसाठी.

"तमाम लोकांस कळविण्यात येते की, खाली नमूद केलेल्या कंपनीचे, नमूद अनुक्रमांकाचे, निळ्या तबकडीचे मनगटी घड्याळ मी हैदराबाद मुक्कामी खरेदी करीत आहे. सदर घड्याळावर कोणाचा हक्क, हिस्सा, गहाण, बक्षीस, वारसा अथवा अन्य कोणतीही हरकत असल्यास पंधरा दिवसांचे आत खालील पत्त्यावर लेखी कळवावे. मुदतीनंतर आलेल्या हरकतीचा विचार केला जाणार नाही."

कंपनीचं नाव जाहिरातवाल्यानंच घातलं. एक नोटीस हैदराबादच्या तेलुगू पेपरात दिली आणि एक चंद्रपूरकडून येणाऱ्या मराठी पेपरात, जो सरहद्दीच्या गावांत वाचतात. आपल्याकडची वस्तू गायब झाली की ती सरहद्द ओलांडते, हा माझा अनुभव आहे. तुझी मामी पेपरात फक्त राशिभविष्य वाचते, त्यामुळे त्या बाजूनं धोका नाही.

मुदत संपेपर्यंत घड्याळ राखून ठेवायला सांग. विसार द्यावा लागला तर बँकेतून दे, मी तुझ्या खात्यात टाकतो.

मामा

* * *

हैदराबाद,
३१ जानेवारी

ती. मामांना नमस्कार.

तुमचा मसुदा मी बँकेत वाचून दाखवला. मॅनेजरनी दोनदा वाचायला लावला. घड्याळासाठी हरकती मागवणारे तुम्ही भारतात पहिले असाल असं त्यांचं मत आहे, आणि ते सहसा कोणाची स्तुती करत नाहीत.

घड्याळ सर्व्हिस सेंटरला दाखवून आणलं, सोबत शेठचा माणूस होता. आतून बाहेरून अस्सल. लेखी दिलं आहे, कागद सोबत जोडला आहे. विसार बँकेतून दिला आणि पावतीवर परतीची अट लिहून घेतली.

गंमत म्हणजे शेठला नोटिशीबद्दल सांगितलं तेव्हा तो हसला नाही. त्यानं बिस्किटांची बशी उचलून स्वतःच्या बाजूला ठेवली. मग म्हणाला, नोटिशीची काय गरज होती, आजच घेऊन जा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. घाईत असलेल्या माणसाबद्दल आमच्या अनुभवी सहकाऱ्याचं मत तुम्हाला ठाऊक आहेच. मी विसाराच्या पावतीकडे बोट दाखवलं.

खरोखर कोणाची हरकत आली तर मला पाठवा. फ्रेम करून लावीन.

यामिनी

* * *

आदिलाबाद,
८ फेब्रुवारी

चि. यामिनी,

हरकत आली आहे. फ्रेम करण्यासारखी नाही. मूळ पत्र माझ्याकडे ठेवून तुला नक्कल पाठवतो, त्यांच्याच शब्दांत.

"श्री. शरदचंद्र साहेब, वांकिडीहून चंपतरावचा नमस्कार. माझी इथं शेती हाय अन् खताचं दुकान हाय. पेपरात तुमची नोटीस वाचली. मुदतीच्या आत लिहून राह्यलो. तुमी ज्या नंबराचं घड्याळ घेऊन राह्यले ते मी घेतलं होतं, दोन वर्षं झाले. माझ्यापाशी पावती हाय, तिच्यावर हाच नंबर हाय. दुकान मला आदिलाबादच्या जीवनरावांनी सांगितलं होतं. माझी पोरगी रंजीता अन् त्यांचा भार्गव यांचं साक्षगंध आमच्या घरी झालं, तवा मी ते घड्याळ भार्गवच्या हातात घातलं. त्यायनं ते काढून डब्यात ठेवलं, म्हणे खराब होईन. दोन महिन्यानं त्यायनं नाडी जुळत नाही म्हणून सोयरीक मोडली. घड्याळ मी वापस मागितलं नाही. साहेब, घड्याळाबद्दल माझी काही हरकत नाही, खुशाल घ्या. पण हे घड्याळ आपल्याकडचा माणूस एकाच घरासाठी घेते. तुमी कोणासाठी घेऊन राह्यले ते मला माहीत नाही. भार्गवसाठी असन तर माझी हरकत मुलाबद्दल हाय. ती लिहून घ्या."

मी ती लिहून घेतली आहे.

आता तू एक कर. शेठकडे जाऊन हे घड्याळ त्याला कोणी विकलं ते काढ. एकतर्फी कैफियतीवर मी निकाल देत नाही. कदाचित नंबर वाचण्यात चूक झाली असेल. कदाचित घड्याळ भार्गवकडून हरवलं आणि दुसऱ्या कोणी विकलं असेल. भार्गवचं हे आधीचं साक्षगंध आमच्या कानावर आलं नाही, पण ते तिकडे सरहद्दीजवळ वांकिडीला घरच्या घरी झालं, इकडून चारच माणसं गेली असतील. सांगायचं राहून गेलं असेल. प्रगतीला यातलं काही बोलू नकोस. ती कालच शालू घेऊन आली, आणि तुझी मामी तो रोज उघडून पाहते.

मामा

* * *

हैदराबाद,
११ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार वगैरे नंतर.

मी काल दुकानात गेले. चंपतरावांचं पत्र शेठसमोर ठेवलं. मला वाटलं होतं तो नाकारेल, ओरडेल, निदान घाम तरी पुसेल. त्यानं शांतपणे वाचायला चष्मा घातला, मग मराठी येत नाही म्हणून काढला. मी हिंदीत सांगितलं. तो म्हणाला, "हाँ मॅडम, जीवनराव साहब ही लाए थे. बहुत लकी पीस है. हर बार वापस आता है."

हर बार, मामा. एकदा नाही. किती वेळा ते मी विचारलं नाही, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती. पाठीवरचं प्लास्टिक का निघालेलं नाही ते तरी कळलं. निघालं की भाव उतरतो.

विसार परत मिळाला. लेखी अट कामी आली, तुमच्यावर गेले आहे म्हणून आली.

आता जे लिहिते त्याचा राग आला तर येऊ द्या. मला रात्रभर संताप आवरत नव्हता आणि त्यातला अर्धा तुमच्यावर होता. तुम्ही एका घड्याळासाठी दोन भाषांत नोटीस दिलीत, झाकण उघडून यंत्र पाहायला लावलंत, आणि ज्याच्या घरी प्रगती जन्म काढणार त्याच्याबद्दल एका माणसालाही विचारलं नाहीत. मी विचारते म्हटलं तर अपमान होईल म्हणालात. आणि मीही ऐकलं. त्या दुसऱ्या अर्ध्या संतापात मी आहे.

कदाचित, कदाचित म्हणत बसू नका. प्रगतीला सांगा. त्या घरानं काही मागितलं नाही असं समजून ती शालू घेऊन आली आहे. तुम्ही सांगणार नसाल तर शनिवारी रात्रीच्या बसनं मी येते आणि साक्षगंधाच्या मांडवात सगळ्यांसमोर सांगते. मामीला स्पीकरची गरज पडणार नाही.

यामिनी

* * *

आदिलाबाद,
१६ फेब्रुवारी

चि. यामिनी,

राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं, काही काळ तुझ्याशी भांडण्यात गेला असता.

गुरुवारी मी वांकिडीला जाऊन आलो. घरी बाजारहत्नूरला जमिनीच्या मोजणीचं काम आहे म्हणून सांगितलं. पेन्शनरला मोजणीचं काय काम, हे तुझ्या मामीनं विचारलं नाही, म्हणजे तिलाही काहीतरी कळलं असावं.

चंपतराव साधा माणूस आहे. त्यानं पावती दाखवली, साक्षगंधाचे फोटो दाखवले. भार्गव पाटावर बसलेला, हातात निळं घड्याळ. शेजारी रंजीता, तोंडभर हसलेली. ती आता आसिफाबादला दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत नोकरी करते. मी गेलो तेव्हा घरी नव्हती. सोयरीक मोडल्यावर लोकांनी पोरीतच खोट काढली. कोणी म्हणे तिला फिट येतात, कोणी आणखी काही. त्यानंतर त्यांच्या दारात कोणी स्थळ आणलं नाही.

मी जरा कचेरीच्या आवाजातच विचारलं, की एवढं झालं तर हे आधी कोणाला का सांगितलं नाही, दुसऱ्या मुलीचा बाप तरी वाचला असता.

"कोणाले सांगाचं साहेब? कोणी इचारलंच नाई," चंपतराव म्हणाले. "तुमीच पयले, पेपरात इचारलं. तेई घड्याळासाठी."

त्यांनी हे टोमण्यानं म्हटलं नाही. चहा बशीत ओतता ओतता म्हटलं. मी माझा चहा तसाच खाली ठेवला.

परतताना तसाच जीवनरावांच्या दुकानी गेलो. दुसरी बाजू ऐकल्याशिवाय प्रकरणाची मिसल बंद करता येत नाही.

"घड्याळ भेटलं का साहेब?" त्यांनी विचारलं.

"भेटलं. पण हरकत आली."

"कोणाची?"

"वांकिडीच्या चंपतरावांची."

त्यांनी पोऱ्याला दोन चहा सांगितले. कसली हरकत, कोण चंपतराव, असं काही नाही. सरळ म्हणाले, "किती मागते तो?"

"काही मागत नाई."

"मंग हरकत कायची?"

मग त्यांनीच मला समजावलं. म्हणाले, "हे पाहा, नवं घड्याळ घेतलं तर पैसा त्या स्वित्झर्लंडले जाते. आपलं आपल्यातच फिरलं तर कोणाचं काय गेलं? तुमालेई सस्ता पडून राह्यलं ना?" त्यांना खरंच वाटतं, यामिनी, की ते माझ्या भल्याचं बोलत होते. मी इतकी वर्षं खोटे दस्त पाहिले, पण ज्याला आपला दस्त खोटा आहे हेच माहीत नाही असा माणूस पहिल्यांदा पाहिला.

आता खरी गोष्ट लिहितो. मी अजून प्रगतीला सांगितलेलं नाही. तीनदा तिच्या खोलीच्या दारापर्यंत गेलो. ती फोनवर त्याच्याशी बोलत असते आणि तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. मला भीती वाटते. सोयरीक मोडली तर जे रंजीताचं झालं तेच आमच्या मुलीचं होईल, लोक तिच्यात खोट काढतील. नाही मोडली तर तिचा बाप सगळं माहीत असून गप्प बसला, हे तिला एक दिवस कळेल. कोणत्या बाजूनं निकाल दिला तरी तो तिच्याच विरुद्ध जातो.

सकाळपासून हे पत्र लिहितो आहे आणि लिहिता लिहिता एक ध्यानात आलं. निकाल द्यायला मी कोण? पक्षकार ती आहे. तिचं म्हणणं मी घेतलेलंच नाही.

हे पाकीट पोस्टात टाकतो आणि घरी जातो. तू शनिवारी येऊ नकोस. किंवा ये, पण सांगायला नको.

तुझा मामा

* * *

आदिलाबाद,
१९ फेब्रुवारी

यामिनीताई,

मी प्रगती. बाबांनी हा कागद आणि पेन हातात देऊन सांगितलं, की तुला मीच लिहायला हवं. फोन करता आला असता, पण आज मला कोणाचा आवाज ऐकायचा नाही. तुझाही. तुला महिनाभर माहीत होतं. तुझ्यावरचा राग मी जपून ठेवला आहे. आता त्याला वेळ नाही.

रविवारी बाबा बाहेरून आले आणि सरळ स्वयंपाकघरात. मी पापड लाटत होते, साक्षगंधाच्या पंगतीसाठी, आणि आई चवीसाठी एकेक भाजून पाहत होती. त्यांनी कापडी पिशवीतून सगळे कागद काढले, चष्मा घातला आणि उभ्यानंच वाचायला सुरुवात केली. चपलांपाशी झालेल्या बोलण्यापासून. तुझी पत्रं, स्वतःच्या पत्रांच्या नकला, चंपतरावांचं पत्र, सगळं. आवाज चढला नाही की उतरला नाही. "रीत आणि मागणं यांतला फरक तिला कळत नाही" हेसुद्धा गाळलं नाही, माझ्याकडे न पाहता वाचलं. आईच्या चिमट्यातला पापड जळून काळा झाला. वाचून संपल्यावर त्यांनी कागद नीट लावले आणि मला विचारलं, "तुझं म्हणणं काय?"

मला आठवतं तेव्हापासून त्यांनी मला हे पहिल्यांदाच विचारलं, ताई.

आई म्हणाली, "जाऊ दे माय, घड्याळाचं काय घेऊन बसली, पोरगा चांगला हाय ना." मग तीच रडायला लागली. मी म्हटलं, पोरगा चांगला आहे का ते मी त्यालाच विचारते. आणि तिथूनच, पिठाच्या हातानं, भार्गवला फोन लावला. स्पीकरवर टाकला. आईनं आयुष्यभर तेच केलं आहे, मग मला काय लाज.

खरं सांगते, मला तो आवडतो. आवडायचा लिहायला हवं, पण हात अजून तसा चालत नाही. मी मनात ठरवलं होतं, की तो ओशाळला, नुसता ओशाळला, तरी मी विचार करीन. बापापुढे तोंड उघडत नाही अशी मुलं असतात. शिकवता येतं.

मी विचारलं, "तुझ्या हातात याआधी एका साक्षगंधात निळं घड्याळ घातलं होतं?"

तो म्हणाला, "ते सगळं पप्पा पाहतात गं. मला कुठं घड्याळ लागते? मी मोबाइलमध्येच टाइम पाहतो."

"आणि तेच घड्याळ आता माझे बाबा विकत घेऊन तुला घालणार होते, हे माहीत होतं?"

"हो, पण तुमालेच स्वस्त पडलं असतं ना," असं म्हणाला. अगदी प्रेमानं म्हणाला.

मग मी विचारलं, "रंजीता आता कशी आहे, काही माहीत आहे?"

तो म्हणाला, "कोण रंजीता?"

आई रडायची थांबली. मग तोच म्हणाला, "हां हां, ती वांकिडीची."

ताई, फोन मी तिथेच ठेवला. चिडून नाही. दोन महिने त्या मुलीला वाटत होतं की हा आपला नवरा होणार. तिच्याही बोलण्यात, तिळाच्या भावावरूनसुद्धा, तोच येत असेल. पुढच्या वर्षी कोणी त्याला माझ्याबद्दल विचारलं असतं तर तो असाच आठवून म्हणाला असता, "हां, ती आदिलाबादची."

बाबांना मी म्हटलं, माझं म्हणणं लिहून घ्या, मला हे लग्न करायचं नाही. त्यांनी खरंच लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. मग मीच टोपण लावून पेन त्यांच्या खिशात ठेवलं.

त्याच संध्याकाळी ते जीवनरावांकडे जाऊन नकार सांगून आले. कालपासून लोक येत आहेत. कोणी विचारलं की "काय झालं पोरीचं?" तर बाबा त्यांना बसवतात आणि पहिल्या पत्रापासून सगळं वाचून दाखवतात. मधे कोणाला उठू देत नाहीत. कंटाळून गेले तरी लोक खरं ऐकून जातात. आई चहा करते आहे आणि कोणाशी बोलत नाही, माझ्याशीही. तिला वेळ लागेल. मलाही लागेल. रात्री हात आपोआप फोनकडे जातो.

उद्या शाळेतला माझा वर्ग दुसऱ्या बाईंकडे देऊन मी आसिफाबादला जाणार आहे, दवाखान्यात. बाबा सोबत येतो म्हणाले, मी नको म्हटलं. तिला भेटून काय बोलायचं ते मला अजून सुचलेलं नाही. ती म्हणेल, तू कोण. तेव्हा मी आधी तिला तिच्या नावानं हाक मारीन.

तुझी,
प्रगती